शब्दचर्चा : विधेयक ‘पुरःस्थापित’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

देवगडहून :
मंडळी, एक शब्द विचारायचाय. परवा संध्याकाळी जेटीवर बसलो होतो, एकाच्या मोबाईलवर मेसेज आला की अमुक विधेयक विधानसभेत पुरःस्थापित, आणि तिथे बसलेले सगळे एकदम म्हणायला लागले, “झालो कायदो, आता बोलान काय उपयोग नाय.” माझे मामा तर उठून घरीच गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात बघतो तर तेच विधेयक संयुक्त समितीकडे पाठवलं असं लिहिलंय. मग जे स्थापन झालं ते परत समितीकडे कसं काय जातं? आणि आमच्याकडे एखादी गोष्ट समितीकडे गेली म्हणजे संपली असंच धरतात. दोन्ही बाजूंनी गोंधळ आहे, कोणी नीट उलगडून सांगेल का?

रत्नागिरीहून :
दादा, बरं झालं विचारलंत, कारण या एका शब्दामुळे माणसं गप्प बसतात हे मी स्वतः बघितलंय. मी शाळेत बरीच वर्षं मराठी शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पुरः म्हणजे समोर, पुढे. पुरोहित, पुरोगामी, पुरस्कार या सगळ्यात तोच पुरः आहे. तेव्हा पुरःस्थापित म्हणजे समोर ठेवलेलं, एवढंच. सभागृहापुढे आणून ठेवलं. आपण मात्र घाईत वाचताना तो विसर्ग गिळतो आणि कानावर राहतं फक्त ‘स्थापित’. स्थापना म्हटलं की आपल्याला गणपतीची स्थापना आठवते, एकदा बसला की बसला, हलवायचा नाही. तिथेच घोटाळा होतो. खरं तर आपल्याकडे ‘मांडणे’ हा इतका चांगला शब्द आहे. पानं मांडली म्हणजे जेवणं झाली असं कोणी म्हणत नाही, डाव मांडला तर तो अजून खेळायचा असतो. “विधेयक मांडलं” असं लिहिलं असतं तर तुमचे मामा जेटीवरून उठून गेले नसते असं मला मनापासून वाटतं.

विधेयक हा शब्दही तेच सांगतो. सातवीआठवीत वाक्यपृथक्करणात उद्देश्य आणि विधेय शिकलो ना, त्या विधेयातलाच हा. वि आणि धा धातू, आणि तो ‘य’ आहे तो ‘करायचं आहे’ असं सांगणारा, जसं देय म्हणजे द्यायचं आहे ते, पेय म्हणजे प्यायचं ते, तसं विधेय म्हणजे ठरवायचं, करायचं आहे ते. म्हणजे अजून झालेलं नाही हे नावातच आहे. कायदा हा अरबीतून आलेला, पाया, नियम या अर्थाचा. आणि त्याच्या आधीचा मसुदा, तोही अरबीच, त्याच्या मुळाशी काळं करणे आहे, शाईने काळा केलेला कच्चा कागद. मसुदा, मग विधेयक, मग अधिनियम असा प्रवास, आणि लोकांच्या तोंडी या तिन्हीला एकच शब्द, कायदा.

मधले टप्पे थोडक्यात. विधेयक मांडलं की त्याचा विचार होतो, मग एकेक खंड, म्हणजे कलम, घेऊन चर्चा म्हणजे खंडशः विचार, मग ते संमत होतं, मग दुसऱ्या सभागृहात जातं, आपल्याकडे विधानसभा आणि विधान परिषद दोन्ही आहेत म्हणून. त्यानंतर राज्यपालांची अनुमती, आणि राजपत्रात छापून आलं की तो अधिनियम. समितीचा टप्पा मांडणं आणि संमत होणं यांच्या मधे येतो. प्रत्येक विधेयक तिथे जातंच असं नाही, बरीचशी अधिवेशनात मांडून थोड्या दिवसांतच संमतही होतात.

हर्णैहून :
ताई, समितीचंही सांगा. पेपरवाले कधी प्रवर समिती लिहितात, कधी संयुक्त समिती, कधी संयुक्त चिकित्सा समिती. आमच्या इथे चिकित्सा म्हटलं की दवाखानाच डोळ्यासमोर येतो. आणि झेडपीची स्थायी समिती ती हीच का?

रत्नागिरीहून :
नाही, स्थायी म्हणजे कायम असणारी. इथली समिती त्या एका विधेयकापुरती बनते आणि अहवाल दिला की तिचं काम संपतं. प्रवर म्हणजे निवडलेले, एका सभागृहातले निवडक सदस्य. दोन्ही सभागृहांतले घेतले की संयुक्त. आणि चिकित्सेचं म्हणाल तर हा शब्द जिज्ञासा, मीमांसा यांच्याच घडणीचा आहे, मुळात जाणून घ्यायची इच्छा. औषधपाणी हा अर्थ त्यातूनच आला, आधी रोग जाणायचा मग उपचार. मराठीत आपण “फार चिकित्सक माणूस आहे” म्हणतो तेव्हा जो अर्थ असतो ना, तोच इथे घ्यायचा. मला स्वतःला हा शब्द फार आवडतो, विधेयकाची चिकित्सा म्हणजे ते उलटसुलट करून तपासणं.

समितीकडे गेलं म्हणजे बासनात गेलं असं मात्र धरून चालू नका. शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडलं, संयुक्त समितीकडे गेलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलं. विशेष जनसुरक्षा विधेयकाचं उदाहरण तर शब्दांसाठी फारच उपयोगी आहे. ते जुलै २०२४ मध्ये मांडलं गेलं, पण ती विधानसभाच संपली, तेव्हा ते ‘व्यपगत’ झालं. हा आणखी एक शब्द लक्षात ठेवा, व्यपगत म्हणजे आपोआप निघून गेलेलं, कोणी फेटाळलेलं नव्हे. मग डिसेंबर २०२४ ला नागपूरच्या अधिवेशनात परत मांडलं, संयुक्त समितीकडे पाठवलं, समितीने लोकांकडून सूचना मागवल्या आणि त्या साडेबारा हजारांहून जास्त आल्या. त्यानंतर काही बदल होऊन जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झालं. त्या विधेयकाबद्दल कोणाचं काय मत आहे ते इथे नको, पण साडेबारा हजार पत्रं लिहिणाऱ्यांना मांडलं आणि संमत झालं यातला फरक माहीत होता एवढं नक्की.

आमच्या वाडीतला अनुभव सांगते. मागे एका विधेयकावर सूचना व हरकती मागवल्या होत्या, नोटीस ग्रंथालयात लावलेली, मी तीनचार घरी जाऊन सांगितलं की तुमच्या बागांशी संबंध आहे, दोन ओळी तरी लिहा, तर उत्तर काय, अहो बाई ते तर स्थापन झालंय ना, आता आमचं कोण ऐकणार. मुदत गेली. आमच्या वाडीतून एकही कागद गेला नाही आणि मला ते आजही लागून राहिलंय, कारण मी तेव्हा शब्दाचा अर्थ फोड करून सांगायला पाहिजे होता, नुसतं लिहा लिहा म्हणत बसले.

अलिबागहून :
यात खोतीचं, म्हणजे खोताने कुळांकडून सारा वसूल करायच्या जुन्या पद्धतीचं, उदाहरण घातलंच पाहिजे. आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात बाबासाहेबांनी खोती मोडायचा कायदा आणला. त्यांचं ऋण मोठंच आहे, पण चर्चा शब्दांची चाललीय म्हणून सांगतो, १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडलं ते विधेयक होतं. सरकारने आणलेलं नाही, सदस्याने स्वतः आणलेलं, ज्याला आज अशासकीय विधेयक म्हणतात. तेव्हा मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळ गंगाधर खेर, तेही जन्माने रत्नागिरीचे, आणि बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात. इकडे अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप १९३३ पासून चालू होता. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईला मोर्चा घेऊन गेले. तरी ते विधेयक संमत झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने. मांडल्यापासून कायदा होईपर्यंत बारा वर्षं, आणि त्या बारा वर्षांत आमच्या आजोबांच्या पिढीने खोताकडे किती धान्य मोजलं असेल याचा विचार केला की पोटात कालवतं.

हर्णैहून :
आमच्याकडे अजून एक शब्द चालतो, वटहुकूम. एलईडी लावून मासेमारी करणाऱ्यांवर दंड वाढवला तेव्हा पहिल्यांदा वटहुकूम निघाला असंच ऐकलं होतं.

रत्नागिरीहून :
बरोबर. वटहुकूम आणि अध्यादेश एकच. अधिवेशन चालू नसताना राज्यपाल काढतात, आणि तो लगेच लागू होतो, म्हणजे विधेयकाच्या अगदी उलट. पण अधिवेशन भरल्यावर सहा आठवड्यांत त्याच्या जागी कायदा झाला नाही तर तो संपतो. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे, त्यात सुधारणा करायला २०२१ मध्ये आधी अध्यादेश आला आणि डिसेंबरच्या अधिवेशनात विधेयक. आणि सीआरझेडला, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या नियमांना, आपण सगळे कायदा म्हणतो, तीही खरं तर अधिसूचना आहे, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्राने काढलेली, आधी १९९१, मग २०११, मग २०१९. विधानसभेत तिचा विषयच नाही.

देवगडदादा, ओळखायची सोपी खूण सांगते. कागदाच्या डोक्यावर “विधानसभा विधेयक क्रमांक” असं असेल तर ते अजून मांडलेलं आहे. “महाराष्ट्र अधिनियम क्रमांक” आला की झाला कायदा.

देवगडहून :
ताई, मामांना आत्ताच फोन केला, पुरोहितातला पुरः सांगितला, तर म्हणाले, “म्हणजे फुड्यात ठेवलेला? मग तसा सांगूक काय झाला हुता?” समितीने सूचनांसाठी मुदत दिलीय का ते उद्या ग्रामपंचायतीत विचारतो. पत्र मामा सांगतील तसं मी लिहिणार, शुद्धलेखन तेवढं तुम्ही बघून द्या.