समेट घडवायचा तर चर्चला त्यात जागा असावी का?

पूर्वेचा वारा
मणिपूरमधल्या मैतेई (बहुतेक हिंदू) आणि कुकी (बहुतेक ख्रिस्ती) यांच्या संघर्षावरून आमच्या वाचनगटात वाद झाला. बहुतेकांचं म्हणणं पडलं की भांडण जमातींचं आहे, धर्मसंस्थांनी त्यात पडू नये. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून इथे मांडतो.

समाज उभा फाटला की दोन्हीकडे ऊठबस असलेला माणूस लागतो. सरकारकडे असा माणूस सहसा नसतो. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असा समाज फाटला होता. तिथल्या बेलफास्टच्या क्लोनार्ड मठातले फादर अ‍ॅलेक रीड घ्या. मार्च 1988 मध्ये एका अंत्ययात्रेत गाडी घुसलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना जमावाने ओढून काढलं आणि आयआरए या ब्रिटिशविरोधी सशस्त्र संघटनेने गोळ्या घातल्या. रीड त्यांच्याजवळ गुडघे टेकून बसले, तोंडाने श्वास देऊन बघितला. तेव्हा त्यांच्याकडे सिन फेन या आयआरएशी जोडलेल्या पक्षाने जॉन ह्यूम या हिंसाविरोधी कॅथलिक नेत्यासाठी दिलेली गुप्त कागदपत्रं होती. पाकिटाला रक्त लागलं. त्यांनी पाकीट बदललं आणि त्याच दिवशी कागद पोचते केले. पुढे 2005 मध्ये आयआरएने शस्त्रं निकामी केली तेव्हा साक्षीला हेच रीड होते आणि सोबत मेथडिस्ट पाळक हॅरल्ड गुड. एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट. हे कुठल्या खात्याच्या सचिवाला जमलं असतं?

कॅम्पातली
रीड यांच्याबद्दल आदरच आहे. पण एका माणसाच्या धैर्याचं श्रेय संस्थेच्या खात्यावर का जमा करायचं? तिथलेच इयन पेस्लीही पाळक होते, स्वतःचं चर्च काढलेले, आणि 1998 च्या शांतता कराराला त्यांनी कडाडून विरोध केला. दोन्हीकडची मुलं ठरवून एकत्र शिकावीत म्हणून पहिली शाळा, लॅगन कॉलेज, 1981 मध्ये निघाली ती पालकांच्या हट्टापायी, 28 मुलांवर. आजही तिथली बहुतेक मुलं वेगवेगळ्या शाळांतच जातात.

आणि रवांडा? 1994 च्या तुत्सींच्या वंशसंहारात न्तारामा आणि न्यामाटाच्या चर्चमध्ये लोक आसऱ्याला गेले आणि तिथेच कापले गेले. आतानास सेरोम्बा या धर्मगुरूच्या चर्चवर तर आत माणसं असताना बुलडोझर चालवला गेला. त्यातल्या सहभागासाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला जन्मठेप दिली. ज्यांच्या दारात हे घडलं त्यांनी लगेच क्षमेवर प्रवचनं द्यावीत, हे मला सहन होत नाही.

नगरकर
मी आतला माणूस म्हणून लिहितो. आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, मूळ नगर जिल्ह्यातलं, आता पुण्यात. धाकट्या बहिणीला स्थळं बघत होतो. मुलाकडचे आले, प्रार्थना झाली, चहा झाला आणि मुलाच्या काकांनी हळूच विचारलं, ‘मूळचे तुम्ही कोण?’ वडिलांनी उत्तर दिलं. पुढे त्यांचा फोन आला नाही. रविवारी मात्र प्रभुभोजनाला हीच मंडळी आमच्या शेजारी गुडघे टेकतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चने 1857 मध्ये गोऱ्या सभासदांपैकी ‘काहींच्या दुबळेपणापोटी’ काळ्यांची उपासना वेगळी घ्यायला परवानगी दिली. तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेल्या त्या पंगतभेदातून पुढे वर्णभेदाला धर्माचा आधार मिळाला. म्हणून मी समेटाच्या विरोधात नाही, पण सुरुवात वेदीपासून व्हावी. आमच्या धर्मग्रामसभेत (पॅरिशच्या बैठकीत) जातीचा विषय काढला की ‘आपण सगळे ख्रिस्तात एक’ म्हणून तो मिटवतात.

पेठेतला वाचक
नगरकर, यात फक्त चर्च दोषी नाही. 1890 मध्ये आपल्याच पंच हौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे आणि टिळकांसकट कितीतरी प्रतिष्ठितांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, आलं. शेवटी प्रायश्चित्त घेऊन प्रकरण मिटलं. पण मिटलं कसं? माणसं परत जातीत घेतली गेली, चहा मात्र विटाळाचाच राहिला. समेट म्हणजे नेमकं काय नको, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण पुण्यात सापडणार नाही.

पूर्वेचा वारा
नगरकरांच्या घरी झालं ते संतापजनक आहे. पण डच रिफॉर्म्डची गोष्ट 1857 ला संपत नाही. त्याच घराण्यातल्या, गोरेतरांसाठी वेगळ्या काढलेल्या चर्चने 1982 मध्ये बेल्हारचा विश्वासअंगीकार (श्रद्धेची जाहीर मांडणी) मांडला आणि 1986 मध्ये स्वीकारला. वर्णभेदाचा धर्माधार त्यांनी धर्माच्याच भाषेत मोडून काढला. हे बाहेरून कुणाला करता आलं नसतं.

राहिला स्वस्त क्षमेचा आरोप. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या, आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष असलेल्या सत्य आणि समेट आयोगाकडे माफीसाठी 7112 अर्ज आले, त्यातले 5392 फेटाळले गेले. वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कोठडीतल्या मृत्यूला जबाबदार पोलिसांनाही माफी मिळाली नाही.

कॅम्पातली
अर्ज फेटाळले, पुढे खटले किती चालले? अगदी मोजके. बिकोंच्या कुटुंबाला माफीची तरतूदच मान्य नव्हती, त्यासाठी ते न्यायालयात गेले आणि हरले. पीडितांना 2003 मध्ये एकरकमी 30,000 रँड जाहीर झाले, आयोगाने सुचवलं होतं त्याहून खूप कमी. अन्यायाला हात न लावता केलेला समेट खोटा, हे 1985 च्या कैरोस निवेदनात तिथल्याच पाळकांनी आणि धर्मशास्त्रज्ञांनी लिहून ठेवलंय. चर्चमधला हा आवाज मला मान्य आहे. तुम्ही रीड आणि टुटू सांगता, तेव्हा तो मागे पडतो.

नगरकर
भारतातल्या कॅथलिक बिशपांनी डिसेंबर 2016 च्या धोरणात चर्चमध्ये जातिभेद आहे हे लेखी मान्य केलं. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशामुळे दलित ख्रिस्तींना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, त्यासाठी सरकारकडे आपण मागणी करतो आणि ती रास्तच आहे. तशी लेखी मागणी आपल्या पाळकांकडेही करू: लग्नं, दफनभूमी, कमिट्यांवरच्या नेमणुका, यांत कुणाला डावललं जातं ते वर्षाला एकदा मंडळीसमोर वाचून दाखवा. मी पुढच्या सभेत हा ठराव मांडतोय. अनुमोदन द्यायला कुणी येईल का?

पूर्वेचा वारा
मी येतो. पण मणिपूर विसरू नका. 2023 मध्ये कुकींच्या चर्चबरोबर मैतेई ख्रिस्तींचीही चर्च जाळली गेली. या मैतेई ख्रिस्तींना धर्म कुकींशी जोडतो, रक्त मैतेईंशी. मध्ये बसून बोलायला त्यांच्याइतकं जवळचं दुसरं कोण आहे?

कॅम्पातली
जवळचे आहेत म्हणूनच दोन्हीकडून संशय त्यांच्यावर. आधी त्यांना स्वतःच्या घरी सुखरूप राहता येऊ दे. मध्यस्थीचं ओझं त्यांच्यावर टाकायचा हक्क आपल्याला पुण्यात बसून नाही.