पखवाजवाले नाहीत, मोबाइलच्या ठेक्यावर भजन चालेल का?

चिपळी:
सोसायटीचं भजनी मंडळ आहे, आठ टाळ आणि एक पेटी. पखवाजवाले काका दीड महिना गावी आहेत. ॲपमधला भजनी ठेका ब्लूटूथ स्पीकरवर लावतो, पण तिसऱ्या-चौथ्या चरणाला टाळ सुटतात. ब्लूटूथचा आवाज उशिरा पोचतो म्हणून होतं का? वायर लावू का?

लयकारी:
वायरने काही फरक पडणार नाही. सगळे एकाच स्पीकरवरून ऐकताय, म्हणजे उशीर सगळ्यांना सारखाच. तो जाणवेल फक्त लय बदलायचं बटण दाबल्यावर. आठ टाळ एकदम वाजले की ठेक्याचे बोल ऐकूच येत नाहीत. मग जो तो शेजाऱ्याच्या टाळावर वाजवतो आणि लय चढत जाते. त्यात बुवा तान लांबवून मुखड्यावर अर्धं आवर्तन उशिरा आले, तर पखवाजवाला तिथल्या तिथे त्यांना धरून समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर आणतो. ॲप आपल्या ८ मात्रा मोजत पुढे निघून जातं. ध्रुपद, म्हणजे अभंगाचं पालुपद, घोळवताना लय वाढते ती बुवांच्या मानेच्या इशाऱ्यावर, तेव्हा मोबाइल कोण चाचपत बसणार?

पेटीवाला:
ठेका बंद करा. तानपुरा मात्र ॲपवर खुशाल ठेवा, तो फक्त सूर धरतो. पेटी जुनी असेल तर तिची पांढरी चार (चौथ्या पांढऱ्या पट्टीचा सूर) ॲपच्या पांढरी चारशी जुळेलच असं नाही, ॲपचा सूर सेंटमध्ये (सुराच्या बारीक मापात) वर-खाली करून आधी जुळवून घ्या. टाळकरी समोरासमोर दोन ओळींत बसवा. त्यातला सगळ्यात पक्का बुवांना दिसेल असा, बाकीच्यांनी त्याच्या हातावर नजर ठेवायची. पहिले दोन अभंग दोनच टाळांवर म्हणा.

चिपळी:
पखवाज इथेच आहे. तबला शिकणारा एक कॉलेजचा मुलगा आहे, त्याला बसवू?

लयकारी:
बसवाच! ठेका लवकर बसेल, पखवाजाचा खुला हात (उघड्या पंजाने वाजवणं) यायला वेळ लागेल, लागू दे. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या, खर्जाच्या बाजूला, कणीक कशी लावायची ते काकांना फोन करून विचारून घ्या, त्यांना बरंही वाटेल. साधारण पुरीच्या लाटीएवढी, सैल मळलेली, मधोमध गोल थापायची. घट्ट झाली तर वाजवताना सुटते, जास्त झाली तर आवाज बसतो. भजन संपलं की लगेच खरवडून पुसा, नाहीतर पुडी (तोंडावरचं कातडं) खराब होते. शाईची बाजू गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून बुवांच्या षड्जाला लावायची.

पेटीवाला:
आणि काका परतले म्हणून त्या पोराला टाळांत ढकलू नका. निम्मे अभंग त्याच्याकडेच राहू देत.