घरात काढलेले आजीचे फोटो निर्जीव येतात – मदत हवी आहे

माझ्याकडे क्रॉप (लहान) सेन्सरचा जुना डीएसएलआर कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ एमएमची झूम होणारी किट लेन्स आहे. बाहेर झाडाखाली काढलेले फोटो बरे येतात. पण आजी आता फारशी घराबाहेर पडत नाही आणि मला फोटो तर तिचेच काढायचेत. घरात सगळं बिघडतं. संध्याकाळी ट्यूबलाइट आणि कोपऱ्यातला पिवळा दिवा लावून काढले, तर एक गाल निळसर, दुसरा केशरी आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. ५५ वर झूम केलं की लेन्सचं छिद्र एफ ५.६ पेक्षा मोठं होत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं), शटर १/३० सेकंदावर येतं आणि आजी बोलता बोलता हलली की फोटो गेला. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० च्या वर न्यायचा धीर होत नाही, दाणे दिसतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उघडला की थेट ओळखपत्राचा फोटो, मागे भिंतीवर काळी सावली.

सगळे म्हणतात ५० एमएम एफ १.८ लेन्स घे. खरंच लेन्सने फरक पडेल, की माझंच काहीतरी चुकतंय? जाणकारांनी प्रकाश टाकावा (तोच कमी पडतोय!).

प्रतिसाद १

लेन्सचं नंतर बघू. आधी दिवसा फोटो काढा आणि घरातले सगळे दिवे बंद करा. ऐकायला उलटं वाटेल, पण गालांचे दोन रंग त्या दिव्यांमुळेच आलेत. पिवळा दिवा साधारण २७०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप), पांढरी ट्यूब ६५०० च्या आसपास. कॅमेरा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी) एकाच रंगाचा लावू शकतो, दोन्ही कसे सांभाळणार? डोळ्यांतले खड्डेही त्याच कारणाने. उजेड डोक्यावरून पडतो आणि भुवयांची सावली डोळ्यांत उतरते.

आता खिडकी. थेट ऊन येत नसेल अशी निवडा, येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. आजींना खिडकीपासून हातभर-दोन हात अंतरावर बसवा. खिडकी त्यांच्या एका बाजूला, जराशी समोर. पाठीमागे मात्र अजिबात नको, चेहरा काळा पडेल. मग चेहरा हळूहळू खिडकीकडे वळवायला सांगा आणि तुम्ही फक्त डोळे बघत राहा. बुबुळात खिडकीचा छोटा पांढरा चौकोन उमटला की थांबा. तुम्ही ज्याला निर्जीव म्हणताय ते बहुतेक त्या चौकोनाचं नसणंच आहे. दुसरा गाल फार काळा वाटला तर त्या बाजूला, चौकटीबाहेर, पांढरी चादर खुर्चीवर टाका. तेवढा परतलेला उजेड पुरतो.

शटर १/१२५ च्या खाली नेऊ नका. त्यासाठी आयएसओ ३२०० लागला तर लागू द्या. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा नाही. आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, रंग सुधारायला वाव राहतो.

प्रतिसाद २

वरच्या सगळ्याशी सहमत, पण लेन्सला इतकं झटकू नका. एफ ५.६ च्या तुलनेत एफ १.८ ला जवळपास दहापट उजेड आत येतो. ढगाळ दिवशी हाच फरक कामी येतो. मात्र एफ १.८ वर जवळून काढलं तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर होऊ शकतो. एफ २.८ बरा, आणि फोकसचा बिंदू स्वतः निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवा. तोवर किट लेन्स ५५ वरच ठेवून थोडं मागे सरका. १८ वर ठेवून तोंडाजवळ गेलात तर नाक मोठं आणि कान गायब. दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो.

प्रतिसाद ३

संध्याकाळीच काढायचे असतील तर वेगळा, मान वळणारा फ्लॅश घ्या आणि तो पांढऱ्या छतावर किंवा बाजूच्या भिंतीवर मारा. भिंत रंगीत असेल तर तोच रंग चेहऱ्यावर येईल, हे आमच्या हिरव्या खोलीने मला शिकवलंय. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश तेवढा विसरा.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. आज सकाळी दिवे बंद करून खिडकीशी बसवलं. आजी म्हणाली, "दिवे घालवून कुणी फोटो काढतं का?" एफ ५.६, १/१२५, आयएसओ २०००. दाणे आहेत, पण पडद्यावर पूर्ण मोठं करून बघितलं तरच दिसतात. डोळ्यांत चौकोन आलाय! लेन्सचं महिनाभर पुढे ढकलते.

एकच अडचण उरली. चष्मा घातला की काचेत अख्खी खिडकी दिसते आणि चष्मा काढून फोटो काढू द्यायला ती तयार नाही.

प्रतिसाद १

काढायला लावूही नका, चष्म्याशिवाय त्या तुम्हालाच अनोळखी वाटतील. चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित वर उचला, म्हणजे काचा खाली झुकतात. हनुवटी जराशी खाली आणि खिडकी थोडी जास्त बाजूला. तरीही कोपऱ्यात पांढरा ठिपका राहिला तर राहू द्या, फक्त बुबुळ झाकलं जाऊ नये. आणि त्या बोलत असतानाच काढा, लागोपाठ चार-पाच.