हेमिंग्वेची १९५२ची प्रत: पहिल्या छपाईची की नंतरची?

कागदीकिडा:
‘द ओल्ड मॅन अँड द सी’ची एक प्रत घ्यायच्या विचारात आहे. प्रकाशक स्क्रिब्नर्स, न्यूयॉर्क, निळसर कापडी बांधणी, वरच्या कागदी जॅकेटसह. कॉपीराइट पानावर १९५२ आहे, पण ‘फर्स्ट एडिशन’ असं कुठेच नाही. विक्रेता म्हणतो, १९५२ म्हणजे पहिलीच. फोटो मागवता येतील. नेमके कशाकशाचे मागवू?

जुना_पुठ्ठा:
सालावर जाऊ नका, कॉपीराइटचं साल पुढच्या छपायांतही तेच राहतं. स्क्रिब्नर्सची खूण वेगळी. १९३०पासून ते पहिल्या छपाईच्या कॉपीराइट पानावर मोठा ‘ए’ छापू लागले. या पुस्तकात ‘ए’ हवा आणि सोबत प्रकाशकाची मुद्राही. ‘ए’ नसेल तर पुढचं काही बघायची गरज नाही.

मात्र १९३०च्या आधीच्या पुस्तकांत हा ‘ए’ शोधू नका. हेमिंग्वेचंच ‘द सन ऑल्सो राइझेस’ (१९२६) मुद्रणदोषावरून ओळखतात: पान १८१वर ‘स्टॉप्ड’ या शब्दात दोनाऐवजी चक्क तीन ‘पी’ पडलेत.

भिंगवाला:
मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्याचा फोटो तिरक्या उजेडात काढायला सांगा. तिथे छोटा गोल किंवा चौकोनी दाब दिसला तर प्रत बुक क्लबची, म्हणजे सभासदांसाठी वेगळी छापलेली. समोरून फ्लॅश मारला की हा दाब दिसतच नाही, आणि विक्रेते नेमका तसाच फोटो पाठवतात.

जॅकेटच्या आतल्या फ्लॅपवर किंमत हवी, ३ डॉलर. कोपरा कापलेला असेल तर भेट देताना किंमत काढली असेल, किंवा बुक क्लबच्या जॅकेटसारखी ती मुळात नव्हतीच हे लपवलं असेल. नुसत्या कापलेल्या कोपऱ्यावरून काहीच ठरत नाही. जॅकेटवर पुलित्झर (१९५३) किंवा नोबेलचा (१९५४) उल्लेख असेल तर जॅकेट नंतरचं, आतलं पुस्तक काहीही असो. चांगल्या पुस्तकावर दुसऱ्याच प्रतीचं जॅकेट चढवणं सर्रास चालतं. पुस्तकाच्या कण्याचा रंग उडालेला आणि जॅकेट कोरं करकरीत असेल तर ते नक्कल म्हणून छापलेलंही असू शकतं. किमतीत मोठा वाटा जॅकेटचाच असतो, म्हणून इथे कंजुषी नको.

कागदीकिडा:
आभार. त्याच्याकडेच रँडम हाउसची १९८०च्या दशकातली एक कादंबरी आहे. कॉपीराइट पानावरची आकड्यांची ओळ २पासून सुरू होते. म्हणजे दुसरी छपाई ना?

जुना_पुठ्ठा:
इतर बहुतेक प्रकाशकांकडे हो. ओळीतला सर्वांत लहान आकडा म्हणजे छपाईचा क्रमांक, मग आकडे कुठल्याही क्रमाने असोत. छपाईच्या प्लेटवर नवा आकडा घालण्यापेक्षा असलेला खरवडणं सोपं, म्हणून ही पद्धत. रँडम हाउस त्या काळी पहिल्या छपाईला ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द आणि २पासूनची ओळ छापायचं. दुसऱ्या छपाईला शब्द गेले, २ राहिला. तेव्हा शब्द आहेत का ते बघा.

दुसरी_आवृत्ती:
मराठीत घोळ उलटा. ‘पहिली आवृत्ती’ हे शब्द पुढच्या प्रत्येक छपाईतही असतात, त्यामुळे आत दिलेल्या आवृत्त्यांच्या यादीतली शेवटची नोंद वाचायची. आणि प्रकाशकाचं नाव. ‘कोसला’ १९६३मध्ये देशमुख आणि कंपनीने काढली. नंतरच्या पॉप्युलर प्रकाशनाच्या प्रतीवर १९६३ दिसलं, तरी ती पहिली नव्हे.