सारांशात खुनी सांगायचाच
लेखकाची कादंबरी प्रकाशकाला विकून देणारे एजंट ती नुसती वाचायचेच पैसे घेतात, असं काहीजण म्हणतात. तसं मागणाऱ्यापासून चार हात लांबच राहा. इंग्रजीतला रीतसर एजंट पुस्तक विकलं गेल्यावरच कमिशन घेतो, साधारण १५ टक्के; परदेशी हक्कांवर बहुधा २०.

खरा घोळ होतो तो एजंटला पाठवायच्या कादंबरीच्या सारांशात. नौपाड्यातल्या माझ्या मैत्रिणीने तिच्या इंग्रजी रहस्यकथेचा एकपानी सारांश दाखवला. शेवटची ओळ ठळक अक्षरात: ‘खुनी कोण? कादंबरीतच वाचा!’ हे मलपृष्ठावर शोभतं हो. एजंटला खुनी तिथेच कळायला हवा, नाहीतर शेवट जमलाय की फसलाय हे त्याने ओळखायचं कसं? आणि कादंबरी पूर्ण लिहून होईपर्यंत एजंटला पत्र धाडूच नका. पहिली प्रकरणं आवडली की उरलेलं हस्तलिखित लगेच मागतात.