मदत हवी आहे: देवळालीतल्या जुन्या फायरप्लेसमध्ये इन्सर्ट बसवला, आता चिमणीच्या भिंतीवर तपकिरी ओघळ येतायत

नमस्कार मंडळी,

आम्ही देवळाली कॅम्पला राहतो, घर जुनं आहे, दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं आणि बाबांच्या खोलीत इंग्रजांच्या काळातली फायरप्लेस. इतकी वर्षं ती नुसती शोभेला होती, आईने त्यात समया मांडून ठेवलेल्या. पण बाबांचे गुडघे थंडीत फार धरतात, निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की आमच्या भिंतीही पहाटे हात लावू देत नाहीत, आणि इलेक्ट्रिक हीटर लावला की त्यांचा घसा कोरडा पडून खोकला सुरू होतो. म्हणून दिवाळीनंतर लोखंडी इन्सर्ट घेतला, म्हणजे काचेचं दार असलेली बंद शेगडी, जुन्या कोनाड्यात सरकवायची. उघड्या फायरप्लेसमधली बहुतेक ऊब धुराबरोबर वर निघून जाते, यात हवा झडपेने कमीजास्त करता येते म्हणून लाकूडही कमी लागतं.

बसवायला हॉटेलच्या किचनची धुराडी करणारा एक फॅब्रिकेटर आला होता. त्याने शेगडीच्या वरच्या, धूर निघायच्या तोंडाला ६ इंची पाइप लावला, जेमतेम दोन फूट चिमणीत वर नेला, बाजूची फट सिमेंटने बुजवली आणि झालं म्हणाला. वरची चिमणी आहे तशीच, आतून दीड फूट रुंद.

पहिला आठवडा छान गेला, बाबा शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचायचे. मग काच काळी पडायला लागली, दार उघडलं की धूर खोलीत, आणि परवा पोटमाळ्यावर गेले तर चिमणीच्या गिलाव्यातून तपकिरी ओघळ खाली आलेला, काकवीसारखा चिकट, बोटाला लागला तर साबणाने निघेना आणि वास डांबराचा.

लाकूड बाभळीचं आहे, नोव्हेंबरात वखारीतून आणलं, वाळलेलं आहे असं सांगून दिलं. पण पेटवलं की टोकांना फेस येतो आणि सूं सूं आवाज करत राहतं. शंका आली म्हणून एक ढलपी किचनच्या काट्यावर तोलली, २४० ग्रॅम भरली, मग ओटीजीत (छोट्या ओव्हनमध्ये) १०० डिग्रीवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवली, उरली १७६! म्हणजे जवळपास २७ टक्के पाणीच. रात्री मी झडप पूर्ण बंद करते, तेवढंच लाकूड पहाटेपर्यंत पुरतं.

मामांनी पिंपळगावची जुनी द्राक्षबाग मोडलीय, ट्रॉलीभर खोडं फुकट देतायत, आणि सातपूरला कारखान्यांतल्या पॅलेटची (माल ठेवायच्या लाकडी चौकटींची) लाकडंही स्वस्त मिळतात, यातलं काय चालेल? पाइप वरपर्यंत न्यावाच लागतो का? आणि सगळ्यात आधी काय करू?

प्रतिसाद १:

ताई, सगळ्यात आधी शेगडी पेटवणं थांबवा, आजपासूनच. तो ओघळ म्हणजे धुरातलं डांबर. ६ इंची पाइपातून निघालेला धूर दीड फुटी थंड चिमणीत शिरला की रेंगाळतो, गार होतो आणि भिंतीला डांबर धरतं, आणि हे डांबर एकदा पेटलं तर चिमणीच आतून पेटते, तुमच्या कौलांखाली लाकडी वासे आहेत हे विसरू नका.

पाइप वरपर्यंत न्यावाच लागतो. शेगडीच्या तोंडापासून चिमणीच्या टोकापर्यंत एकच अखंड स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे चिमणीच्या आत सोडायचा पाइप, ३१६ ग्रेडच्या स्टीलचा, व्यास शेगडीच्या तोंडाएवढाच, मध्ये कुठे बारीक करायचा नाही. गीझरला लावतात तो ॲल्युमिनियमचा लवचीक पाइप अजिबात नको. भोवतीच्या पोकळीत व्हर्मिक्युलाइट (उष्णता धरून ठेवणारे हलके खनिजाचे दाणे) भरा म्हणजे धूर वर जाईपर्यंत गरम राहील. टोकाला जाळीची टोपी. पण लायनर घालायच्या आधी जुनं डांबर पूर्ण खरवडून काढायचं, हे काम टाळू नका.

आणि झडप रात्री पूर्ण बंद करता, ते मला पाइपाहूनही जास्त काळजीचं वाटलं. हवा तोडली की लाकूड धुमसतं, डांबर वाढतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही. बाबा त्याच खोलीत झोपतात. त्याचा अलार्म मिळतो, तो लावाच, आणि झोपायच्या आधी आग पूर्ण जळू द्या, धुमसत ठेवून कुणी झोपू नका.

प्रतिसाद २:

लाकडाचं मी सांगतो, आमची स्वतःची द्राक्षबाग आहे. मामांची खोडं घरात जाळू नका, त्यांच्यावर वर्षानुवर्षं मोरचूद-चुन्याचं बोर्डो आणि बाकीची औषधं मारलेली असतात, तांबं सालीत बसलेलं असतं. पॅलेटवर एमबी शिक्का असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, त्याला हातही लावू नका. शिक्का नसलेलं, रंगवलेलं, प्लायवूड, तेही नको. एचटी म्हणजे नुसतं उष्णता दिलेलं, पण कारखान्यात त्यावर काय सांडलंय ते कोण सांगणार.

बाभूळ उत्तमच, निखारा तासन्‌तास टिकतो. चिंचही तशीच. आंबा भरकन पेटून संपतो, पेटवणीला बरा. फक्त वेळ चुकली तुमची, पावसाळा खाल्लेलं लाकूड नोव्हेंबरात घेतलंत. फेब्रुवारीत घ्या, मनगटाएवढं फोडून घ्या, दोन विटांवर फळ्या टाकून रचा म्हणजे वाळवी लागणार नाही, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात खडखडीत वाळतं. जूनआधी फक्त वरून ताडपत्री, बाजू मोकळ्या. २० टक्क्यांच्या खाली आलं की दोन ढलप्या एकमेकींवर आपटा, टणटण वाजतील. आणि रास हलवताना हातमोजे घाला, खाली विंचू असतात.

धागाकर्ती:

दादा, दोघांचेही मनापासून आभार. झडपेचं वाचून हातपाय गार पडले, गेले पंधरा दिवस मी रोज तेच करत होते. शेगडी काल रात्रीच थंड केली, मामांना खोडं नको म्हणून कळवलं. चिमणीची उंची दोरी सोडून मोजली, १९ फूट भरली. आता लायनर बसवण्याचं काम आधी केलेलं नाशिकमधलं कुणी माहीत असेल तर कळवा, पुन्हा किचनच्या धुराड्याचा माणूस नको. तोवर बाबांना गरम पाण्याची पिशवी आणि घोंगडी दिलीय, खुर्ची मात्र त्यांनी फायरप्लेसपाशीच ठेवलीय.