साखळी ते पणजी रोजची ये-जा, शोरूममधली सेकंड हँड गाडी घेऊ का?

साखळीकर_बाबू

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, वाचा प्लीज. आजवर स्कूटरवरच काढलं पण पावसात साखळी ते पणजी करून आता पाठ आणि रेनकोट दोन्ही फाटले, शिवाय आई-बाबांना म्हापशाला डॉक्टरकडे न्यायचं असतं, त्यामुळे गाडी घ्यायचीच ठरवलंय. बजेट साडेचार लाख, ओढूनताणून पाच. एका शोरूमच्या सेकंड हँड विभागात २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक बघितली, मीटरवर ३८ हजार, फर्स्ट ओनर, बाहेरून एकदम चकाचक. ४ लाख ६० सांगतायत.

आता गोची अशी की वर एक ‘पॅकेज’ लावलंय, टेफ्लॉन कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग, त्यांच्याकडूनच इन्शुरन्स आणि कसले तरी फाइल चार्जेस, सगळं मिळून चाळीस हजारांच्या वर जातंय. सेल्सचा पोरगा गोड बोलतो, म्हणतो दिवाळीच्या आधी सगळ्या गाड्या उचलल्या जातात, आजच टोकन द्या. गाडी रेंट अ कॅबची तर नसेल ना ही पण धाकधूक आहे. यातलं काय घ्यावं काय सोडावं, आणि गाडी आल्यावर तिचं करायचं काय असतं हेही सांगा, मला चेनला ऑइल सोडण्यापलीकडे काही येत नाही. (आणि हो, माझ्या स्कूटरला चेनपण नाही.)

पेडणे_एक्सप्रेस

आजच टोकन द्या म्हणाला ना, मग आज देऊ नकोस. झालं माझं उत्तर 😄

जुना_अ‍ॅडव्हायजर

बाबू, मी बरीच वर्षं शोरूमच्या सर्व्हिस काउंटरला बसलोय, आता फोंड्याला स्वतःचं छोटं गॅरेज आहे. शोरूममधून घेणं वाईट नाही, कागदपत्रांचं टेन्शन कमी असतं. पण एक गोष्ट डोक्यात पक्की धर, तू मीटरला भाव देऊ नकोस, रेकॉर्डला दे. ३८ हजार हा नुसता आकडा आहे. त्यांच्याकडे गाडीचा नंबर टाकला की त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधली सगळी सर्व्हिस हिस्ट्री निघते, कुठल्या तारखेला किती किलोमीटरला काय काम झालं. तिची प्रिंट माग. देत नाहीत म्हणाले तर तिथेच उठ.

रेंट अ कॅबचं म्हणशील तर आपल्याकडे सेल्फ ड्राइव्हवाल्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात, खाजगीत बदलली की पाटी पांढरी होते आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. पण जुनी इन्शुरन्स पॉलिसी खोटं बोलत नाही, भाड्याची गाडी असेल तर जुनी पॉलिसी कमर्शियल असणार. म्हणून शेवटच्या पॉलिसीवर थांबू नकोस, आधीच्या पॉलिसीपण मागून घे. आणि पाट्या गाडीपेक्षा जास्त नव्या दिसल्या तर का बदलल्या ते विचार, २०१९ च्या एप्रिलनंतरच्या गाडीला हाय सिक्युरिटी पाटी पहिल्या दिवसापासूनची असते.

आता गाडी बघायला जाशील तेव्हा सकाळी जा आणि आधीच सांगून ठेव की मी येईपर्यंत स्टार्ट करायची नाही. गेल्यावर पहिला हात बॉनेटवर. गरम लागलं तर त्यांनी तुझ्याआधी चालवून घेतलीय, असं का ते त्यांनाच माहीत. थंड इंजिन चालू होताना जे ऐकू येतं आणि दिसतं ते गरम झाल्यावर लपतं. सकाळी पाइपातून थोडी पांढरी वाफ आली तर घाबरू नकोस, निळसर धूर मात्र ऑइल जळतंय म्हणून सांगतो. ऑइलचं झाकण उघडून आतून बघ, दुधाळ चिकट काही लागलं असेल तर कूलंट ऑइलात जात असू शकतं, नुसतं छोट्या छोट्या फेऱ्यांनी पण असं होतं, पण आपण फुकट रिस्क कशाला घ्या.

मग टायर. बाजूला DOT च्या पुढे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही बघ आणि स्टेपनीपण बघ. ब्रेक पेडलचं रबर, स्टीअरिंगची झिलई, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, हे सगळं ३८ हजाराला किती झिजावं त्याचा साधारण अंदाज येतोच.

शेवटी खाली बघ, वाकून, आणि जमलं तर लिफ्टवर घेऊन. गोव्यात गाडी वरून नाही, खालून मरते. चार महिने पाऊस, किनाऱ्याला खारी हवा, आणि दिवाडी-चोडणच्या फेरीबोटीतून रोज जाणाऱ्या गाड्यांना रॅम्पवरचं खारं पाणी, ते वेगळंच. सायलेन्सर, सस्पेन्शनचे आर्म, दाराखालच्या सिल्सच्या कडा बघायच्या. वरवरचा तांबूस गंज चालतो, पापुद्रे निघत असतील तर नाही. आणि खाली ताजं काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर जास्तच संशय घ्यायचा.

पॅकेजपैकी टेफ्लॉन सोड, सहा वर्षांच्या रंगावर ते काय करणार. अंडरबॉडी कोटिंग आपल्याकडे खरंच उपयोगी आहे, पण आधी धुऊन, वाळवून, गंज घासून मग मारलं तर. ओल्यावर मारलं तर गंज आत बंद होतो आणि शांतपणे खात बसतो. ते आपल्या मेस्त्रीकडून डिसेंबरात करून घे.

म्हापशाची_नीता

इन्शुरन्सबद्दल मी सांगते कारण यात मी चांगलीच भाजलेय. डीलरकडूनच घ्यायचा अशी सक्ती नसते, त्यांना सरळ सांगायचं की मी बाहेरून आणतो, मग कोटेशन एकदम खाली येतं, जादू 🙂

दुसरं, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) हा गाडीचा नसतो, मालकाचा असतो. आधीच्या मालकाला पन्नास टक्के मिळत असेल तरी तुला शून्यापासून सुरू करायचंय. आमच्या वेळी डीलरने कोटेशनमध्ये जुन्या मालकाचा बोनस लावून हप्ता कमी दाखवला होता, नशिबाने दिराच्या लक्षात आलं. तसाच राहिला असता तर पुढे क्लेमला कंपनीने हात वर केले असते. चालू पॉलिसी असेल तर गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत ती तुझ्या नावावर करायला अर्ज द्यायचा. आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) किती धरलाय ते बघ, हप्ता कमी दाखवायला तो खाली खेचतात.

आणि बाबू तू साखळीचा ना, वाळवंटीचं पाणी बाजारात कसं चढतं ते तुला मी काय सांगू. इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन घेच. साध्या पॉलिसीत पाणी आत जाऊन इंजिन बसलं तर बहुतेक वेळा मिळत नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारायचा नाही, ढकलून बाहेर काढायची. सेल्फ मारला की पाणी सिलिंडरात खेचलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो, मग गाडीपेक्षा बिल मोठं.

बायणा_बॉय

मी वेगळं बोलतो. नवीनच का नाही घेत? २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर जीएसटी २८ चा १८ झाला, वरचा सेस पण गेला, म्हणजे शोरूम किंमत साधारण साडेआठ टक्क्यांनी खाली यायला पाहिजे. पाच लाखांचं लोन ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता दहा हजार चारशेच्या आसपास. नवीन गाडी, वॉरंटी, डोक्याला ताप नाही.

साखळीकर_बाबू

@बायणा_बॉय दादा हप्त्याचं गणित मी पण केलं, पण घराच्या कौलांचं काम काढलंय, मेपूर्वी संपवायचंय, त्यात दहा हजार दर महिना नाही बसत. नीताताई आणि अ‍ॅडव्हायजर दादा, देव बरें करूं 🙏 प्रिंट मागितली तर पोराचा चेहरा पडला, म्हणाला उद्या देतो.

जुना_अ‍ॅडव्हायजर

बायणा बॉयचं एक बरोबर आहे. नवीन गाड्या उतरल्या म्हणजे सेकंड हँडचा भावपण तेवढा उतरायला हवा. ४ लाख ६० हा जुना भाव आहे की नवा ते विचार त्यांना, तोंडावर विचार.

साखळीकर_बाबू

अपडेट देतो. आमच्या वाड्यावरचा मेस्त्री घेऊन गेलो सकाळी साडेनऊला. बॉनेट थंड होतं, स्टार्ट नीट झाली, धूर नाही. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघितला (मेस्त्रीने सांगितलं की पुराची गाडी असली की बेल्टच्या टोकाला चिखलाची रेघ राहते), स्वच्छ होता. डिकीतली चटई उचलली तर स्टेपनीच्या खड्ड्यात बोटभर पाणी आणि बोल्टभोवती गंजाचं वर्तुळ. पोरगा म्हणतो वॉशिंगचं पाणी असेल. मेस्त्रीने बाटलीने टेललाइटवर पाणी ओतलं, मी आत टॉर्च धरून बसलो, डाव्या लाइटच्या मागून एक बारीक धार खाली येताना दिसली. गास्केट गेलंय.

पॉलिसी सगळ्या प्रायव्हेट, म्हणजे रेंटची नाही. डावं मागचं दार रंगवलेलं आहे, बिजागरीच्या बोल्टवर पान्याच्या खुणा. आता मुख्य गोष्ट, स्टेपनी २०१९ ची, कोरी. चारही टायर २०२३ चे. आणि हिस्ट्रीच्या प्रिंटमध्ये शेवटची नोंद २०२२ ची, ३१ हजाराला. त्यानंतर काहीच नाही. याचा अर्थ काय लावू?

पेडणे_एक्सप्रेस

२०२२ पर्यंत वर्षाला दहा हजार आणि नंतर तीन वर्षांत मिळून सात? मालक संन्यासी झाला काय रे 😂

जुना_अ‍ॅडव्हायजर

टेललाइटचं गास्केट स्वस्तात होतं, दाराचं टिंकरिंगपण मोठी गोष्ट नाही, ते सोड. प्रश्न टायरचा. ३२-३३ हजाराला चारही टायर एकदम बदलले म्हणजे एकतर अलाइनमेंट कधी केलीच नाही, नाहीतर मीटर मागे फिरवलाय. बाहेरच्या गॅरेजला सर्व्हिस झाली असेल हेही शक्य आहे, वॉरंटी संपली की बरेच लोक तेच करतात, मी म्हणजे त्यांच्याच जीवावर जगतो. पण मग बिलं दाखवा म्हण. बिलं नसतील तर २०२२ पासून गाडीला कोणी हात लावला नाही असं धरून चाल आणि किलोमीटर साठ हजार धरून भाव कर. माझ्या मते चारच्या वर जाऊ नकोस, पॅकेज शून्य. टोकन द्यायचंच तर चेकने किंवा ऑनलाइन, आणि पावतीवर लिहून घे की गाडीवर लोनचा बोजा निघाला तर टोकन परत. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय बाकीचे पैसे सोडायचे नाहीत. ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३०, सही करताना तारीख आणि मीटरचा आकडा लिहिलेला कागद वेगळा घे.

आता सांभाळायचं कसं विचारलं होतंस. घेतलीस तर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल, सगळं एकदम. ब्रेक ऑइल लोक विसरतात, ते हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे हवेत पाण्याशिवाय आहे काय. दोन वर्षांनी बदलायचंच, नाहीतर चोर्ल्याच्या उतारावर पेडल मऊ लागेल. (उतरताना खालचा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, हे न सांगताही कळेल तुला.) पुढे ऑइल दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. तुझा रस्ता डिचोलीवरून, खाणीची धूळ उडते तिथे, एअर फिल्टर मॅन्युअलमधल्या आकड्याची वाट न बघता पाच हजाराला काढून झटकत जा.

टायरची हवा ड्रायव्हर दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, थंड असताना. पंपवाला सगळ्यांना एकच आकडा मारतो.

पावसाळ्यात गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नकोस, मागचे ड्रम चिकटतात. गिअरमध्ये ठेव आणि चाकाला दगड. वायपरखालच्या जाळीत आंब्याची पानं साचतात, ती हाताने काढत जा, निचरा तुंबला की पाणी थेट तुझ्या पायाशी येतं आणि मग लोक एसी लीक आहे म्हणून हजारो रुपये घालतात. सीट बेल्टवर बुरशी धरते, अधूनमधून एसी चालवून आतली हवा कोरडी करायची. आणि माडाखाली पार्क करू नकोस बाबा.

म्हापशाची_नीता

माडाखाली लावलेल्या गाडीच्या काचेचा क्लेम आमच्या शेजाऱ्यांना मिळाला होता हो. पण सर्व्हेयर बिचारा नारळाचा फोटो मागत होता.

बायणा_बॉय

पेट्रोलचं पण लक्षात घे. आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, २०१९ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. चालते, पण मायलेज थोडं पडतं, आणि इंधनाच्या रबरी नळ्या मेस्त्रीला सर्व्हिसच्या वेळी बघायला सांग.

साखळीकर_बाबू

मी ३ लाख ९५ बोललो, पॅकेज नको, टेललाइट त्यांनी करून द्यायचा, इन्शुरन्स मी आणतो. पोरगा मॅनेजरकडे गेला, मॅनेजर आला, चहा आला, ४ लाख ३५ वर आले. २०२२ नंतरची बिलं आहेत का विचारलं तर जुन्या मालकाला फोन करून बघतो म्हणाले. मी उठून आलो. आत्ता संध्याकाळी फोन, ४ लाख १८, दिवाळीपर्यंतच. काय करू?

पेडणे_एक्सप्रेस

दिवाळीनंतर फोन उचल.

जुना_अ‍ॅडव्हायजर

बिलं आली तर चार दहाला घेऊन टाक, गाडी वाईट नाही. नाही आली तर चार. आणि तोवर शनिवारी फोंड्याला ये, माझ्याकडे एका शिक्षकांची २०१८ ची आहे विकायला, मीटरवर ६१ हजार, पण दर सर्व्हिसचं बिल फाइलला लावलेलं. बघून तरी जा.